धूळ कोणाची? जबाबदारी कोणाची?

गेल्या दिवाळीला चार दिवस गावी गेलो होतो. आमचे गाव बेळगावच्या पूर्वेकडे, काळ्या मातीच्या पट्ट्यात आहे. सोयाबीनची सुगी ऐन भरात होती. मळणीयंत्र तासावारी भाड्याने येते आणि ज्याची पाळी येईल त्याने, रात्र असो की भर दुपार, आपली रास उरकून घ्यावी लागते. आमची पाळी संध्याकाळी आली. नाकातोंडाला फडके बांधून आम्ही चौघे यंत्राच्या तोंडी सोयाबीन देत होतो. दोन तासांत रास झाली. पण केसांत, डोळ्यांत, घशात भुसा आणि धूळ एवढी गेली होती की रात्री घास गिळवेना.

सकाळी शेजारचे काका दारात उभे. त्यांच्या घरी म्हातारी आई आहे, दम्याची. ती रात्रभर अंथरुणावर बसून होती. काका बाबांना म्हणाले, "तुमची रास झाली, पण आमची रात्र गेली." बाबा म्हणाले, "मग पीक काय मी घरात मळू?" शब्दाने शब्द वाढला. काकांनी रागाच्या भरात कुठल्याशा कचेरीत अर्ज दिला. महिन्याभराने बाबांच्या नावाने नोटीस आली : धूळ होऊ देऊ नये, अन्यथा कारवाई करण्यात येईल. धूळ होऊ नये म्हणून काय करावे, याबद्दल मात्र तीत एक अक्षरही नव्हते. बाबांनी ती घडी घालून पंचांगात ठेवून दिली. त्या दिवसापासून दोन्ही घरांचे बोलणे बंद आहे.

हा घरगुती प्रसंग येथे सांगण्याचे कारण एवढेच की, महाविद्यालयात झालेल्या पर्यावरणावरील परिसंवादात मला त्याची पुन्हा आठवण झाली. कारखान्यांची धुराडी, शहरातील वाहने, फटाके या सर्वांवर वक्त्यांनी भरपूर तोंडसुख घेतले. शेवटी कन्नड विभागातील एका मित्राने उभे राहून विचारले, "आणि शेतातून उठणाऱ्या धुळीचे काय?" त्यावर दोन उत्तरे मिळाली. एक वक्ते म्हणाले, "जो आपल्याला अन्न देतो त्याच्या मातीला प्रदूषण म्हणणे हा कृतघ्नपणा आहे." दुसरे म्हणाले, "दोघाचौघांना जबर दंड करा, बाकीचे आपोआप वठणीवर येतील." टाळ्या दोघांनाही पडल्या.

मला वाटते, दोघेही चुकले. शेतातील धूळ ही खरोखरच प्रदूषण आहे, हे पहिल्याने मान्य करायला हवे. आणि ती केवळ नोटिशीने खाली बसत नाही, हे दुसऱ्याने. ती खाली बसते ती सरकारी खाते आणि शेतकरी एका बांधावर बसून काय करता येईल ते ठरवतात तेव्हा. मात्र या सहकार्याच्या मागे कायद्याची मुदतही उभी असावी लागते. हे मी केवळ सदिच्छेने म्हणत नाही. ज्या देशात हा प्रयोग अनेक दशके झाला, तेथील यशापयश पाहूनच म्हणत आहे.

प्रथम धुळीचाच विचार करू. डोळ्यांना दिसते ती जाड धूळ बहुतांशी नाकात अडकते किंवा लवकर जमिनीवर बसते. खरा धोका असतो तो दहा मायक्रॉन किंवा त्याहून लहान कणांचा. आपल्या डोक्याचा केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून या कणांच्या सूक्ष्मतेची कल्पना यावी. हे कण घशाखाली उतरून श्वासनलिकांत जातात. दमा असलेल्याला ते प्रथम जाणवतात. भारताच्या 2009 सालच्या मानकांप्रमाणे अशा कणांचे प्रमाण चोवीस तासांच्या सरासरीने एका घनमीटर हवेत 100 मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. ही हवा कारखान्याशेजारची की खळ्याशेजारची, असा भेद मानक करीत नाही आणि फुप्फुसही करीत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, या धुळीचा पहिला बळी शेतकरी स्वतःच असतो. यंत्राच्या तोंडी उभे राहणारे, पिकाचे भारे उचलणाऱ्या मजूर बायका, ट्रॅक्टरवर बसलेला पोर हे ती सर्वांत जास्त खातात. शिवाय वारा उडवून नेतो ती माती वरच्या थरातली, म्हणजे सर्वांत सुपीक असते. तेव्हा धूळ उडणे म्हणजे शेजाऱ्याची हवा बिघडणे आणि आपली जमीन झिजणे, असे दुहेरी नुकसान आहे. सहकार्याला जागा आहे ती येथेच. कारखानदाराला धूर थांबवून स्वतःचा फारसा लाभ दिसत नाही. शेतकऱ्याला माती थांबवून तो दिसू शकतो, फक्त कोणीतरी तो त्याच्या शेतात दाखवून द्यावा लागतो.

या प्रश्नाशी सर्वांत मोठी झटापट अमेरिकेत झाली. पहिल्या महायुद्धाच्या काळात गव्हाला भाव आला आणि कॅन्सास, ओक्लाहोमा, टेक्सास, कोलोरॅडो, न्यू मेक्सिको या राज्यांतील गवताळ मैदाने ट्रॅक्टरने भराभर नांगरली गेली. मुळांनी धरून ठेवलेली माती मोकळी झाली. पुढे गव्हाचे भाव कोसळले, 1931 पासून अवर्षण सुरू झाले आणि उघड्या पडलेल्या लक्षावधी एकरांवरून वारा वाहू लागला. मे 1934 मधल्या एका वादळाने ही माती पूर्व किनाऱ्यावरील न्यूयॉर्क व वॉशिंग्टनपर्यंत नेली. समुद्रातील जहाजांवरही ती पडली. 14 एप्रिल 1935 या रविवारी तर भर दिवसा असा काळोख झाला की तो दिवस 'काळा रविवार' म्हणून इतिहासात नोंदला गेला. धुळीने फुप्फुसे सुजून माणसे दगावली. हजारो कुटुंबे घरे सोडून पश्चिमेकडे गेली.

या संकटात एक माणूस पुढे आला : ह्यू हॅमंड बेनेट. उत्तर कॅरोलिनातील शेतकरी घरात 1881 साली जन्मलेला हा मृदातज्ज्ञ, जमिनीची धूप हे राष्ट्रीय संकट आहे, असे 1928 पासून लिहून सांगत होता. धूळ राजधानीच्या दारात आली तेव्हा त्याचे म्हणणे पटले. 27 एप्रिल 1935 रोजी अमेरिकेच्या संसदेने मृदासंधारणाचा कायदा केला आणि त्यासाठी कृषी खात्यात स्वतंत्र सेवा निर्माण झाली. बेनेट तिचा प्रमुख झाला.

बेनेटच्या कामाची पद्धत आपण लक्षपूर्वक पाहिली पाहिजे. त्याच्या माणसांनी शेतकऱ्यांना व्याख्याने कमी दिली आणि शेतातच प्रयोग करून दाखवले. टेक्सासमधील डॅलहार्ट येथे, ऐन धुळीच्या प्रदेशात, हॉवर्ड फिनेल याच्या देखरेखीखाली समतल रेषेवर सऱ्या पाडणे, पट्टापद्धतीने पिके घेणे, ताटे शेतातच राखणे असे उपाय शेतकऱ्यांच्याच जमिनीत केले गेले. शेतकऱ्याने काही वर्षांचा करार करायचा, सरकारने बी, साहित्य आणि मजूर पुरवायचे, असा व्यवहार अनेक ठिकाणी ठरला. कुंपणापलीकडच्या शेतकऱ्याने आपल्या डोळ्यांनी पाहावे आणि मग स्वतः विचारायला यावे, ही त्यामागील अपेक्षा होती.

तथापि एकट्याने करार करून भागत नव्हते. एकाने माती धरली आणि वाऱ्याच्या बाजूच्या शेजाऱ्याने सोडली, तर शेजाऱ्याची माती पहिल्याच्या पिकावर येऊन बसे. म्हणून फेब्रुवारी 1937 मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सर्व राज्यांच्या गव्हर्नरांना नमुना कायदा पाठवला. त्यानुसार एखाद्या भागातील जमीनधारकांनी मतदान करून आपले 'मृदासंधारण मंडळ' स्थापावे, त्याचे चालक त्यांच्यातूनच यावेत आणि सरकारी तज्ज्ञांनी त्या मंडळाला साह्य करावे, अशी व्यवस्था होती. पहिले मंडळ 4 ऑगस्ट 1937 रोजी बेनेटच्याच जन्मजिल्ह्यात स्थापन झाले. आज त्या देशात अशी सुमारे तीन हजार मंडळे आहेत. त्याच काळात 1934 ते 1942 या वर्षांत उत्तरेपासून टेक्सासपर्यंत वारा अडविण्यासाठी सुमारे 22 कोटी झाडांचे पट्टे लावले गेले, तेही मुख्यतः शेतकऱ्यांच्या खाजगी जमिनींवर.

येथे कोणी म्हणेल, ही तर परदेशाची आरती झाली. तसे नाही. या कथेचा पुढचा भाग तितकाच बोधप्रद आहे. पाऊस परतला, दुसऱ्या महायुद्धात गव्हाला पुन्हा भाव आला, आणि शिकलेले धडे विसरून पुष्कळांनी हलक्या जमिनी पुन्हा नांगरल्या. 1950 नंतरच्या दशकात अवर्षण आले तेव्हा धूळही परत आली. नमुना कायद्यात मंडळांना जमीन वापरावर बंधने घालण्याची सोय होती, पण शेतकऱ्यांनीच निवडलेली मंडळे ती क्वचितच वापरीत. यावरून दिसते ते असे की, निव्वळ राजीखुशीचे सहकार्य बाजारभाव चढला की ढिले पडते.

आता आपल्या घराकडे वळू. आपला हा मुलूख त्या वेळी मुंबई इलाख्यात होता. कोरडवाहू शेतीचे संशोधन 1923 साली पुण्याजवळील मांजरी येथे सुरू झाले आणि 1933 पासून सोलापूर व विजापूर येथे मोठ्या प्रमाणावर चालले. ना. वि. कानिटकर यांचे नाव या कामाशी कायमचे जोडलेले आहे. ओल धरा, माती धरा, हेच त्या संशोधनाचे सार होते. 1942 साली मुंबई सरकारने जमीन सुधारणेचा कायदा केला आणि सोलापूर-विजापूरच्या बाजूला समतल रेषेवर बांध घालण्याचे मोठे काम झाले. शास्त्राच्या दृष्टीने काम बिनचूक होते. परंतु समतल रेषा जमिनीचा उतार पाहते. सातबारा पाहत नाही. ती एकाच्या शेतातून तिरपी शिरून दुसऱ्याच्या शेतातून बाहेर पडे. लहान शेताचे दोन वेडेवाकडे तुकडे होत, औत वळवायला अडचण होई. शेतकऱ्याला हवा होता हद्दीवरचा बांध, खात्याला हवा होता समतल बांध. विचारविनिमय झाला नाही तेथे कालांतराने शेतकऱ्यांनी ते बांध नांगरून टाकले किंवा फुटले तरी दुरुस्त केले नाहीत. म्हणजे अमेरिकेत कायद्याशिवाय सहकार्य अपुरे पडले, तर आपल्याकडे सहकार्याशिवाय कायदा अपुरा पडला. हे दोन अनुभव शेजारी ठेवून पाहिले पाहिजेत.

दोहोंचा मेळ घालण्याचा अलीकडचा प्रयत्न म्हणून अमेरिकेतीलच ॲरिझोना राज्याचे उदाहरण मला फार उपयोगी वाटते. फिनिक्स शहराभोवतालच्या मॅरिकोपा परगण्यात हवेतील धुळीचे प्रमाण राष्ट्रीय मर्यादेबाहेर जात होते. धूळ बांधकामांची होती, कच्च्या रस्त्यांची होती, तशी शेतीचीही होती. 1998 साली राज्याने कायदा करून एक समिती नेमली. तीत प्रत्यक्ष शेती करणारे शेतकरी होते, तसेच पर्यावरण खाते, कृषी खाते, विद्यापीठ आणि मृदासंधारण सेवा यांचे प्रतिनिधी होते. त्यांनी शेतीच्या कामाचे तीन भाग पाडले : मशागत व काढणी, पिकाखालील जमीन, आणि रस्ते-खळी यांसारखी पिकाबाहेरील जमीन. प्रत्येक भागासाठी उपायांची यादी केली. दहा एकरांहून अधिक जमीन कसणाऱ्याने 2001 सालाच्या अखेरपर्यंत प्रत्येक भागातून किमान एक उपाय निवडून अमलात आणावा, एवढीच सक्ती होती. उपाय कोणता, ते शेतकऱ्याने ठरवायचे.

ती यादी वाचताना मला गंमत वाटली. जोराचा वारा असताना मशागत करू नये. ट्रॅक्टरच्या दोन फेऱ्यांचे काम एका फेरीत करावे. शेतरस्त्यावर वाहन हळू चालवावे, खडी टाकावी किंवा पाणी मारावे. वाऱ्याच्या आडवे वरंबे घालावेत. पिकाचे अवशेष जमिनीवर राखावेत. बांधाला झाडे लावावीत. आणि आणखी एक : जमिनीतील ओल पाहून मशागत करावी. हे तर आपल्याकडे निरक्षर शेतकरीही जाणतो. त्याला आपण वाफसा म्हणतो. वाफशावर कुळव धरला तर ढेकूळ फुटते पण माती उडत नाही, हे माझ्या आजोबांनी कोणत्याही समितीशिवाय सांगितले असते. फरक एवढाच की, तेथे हे शहाणपण कायद्याच्या यादीत गेले आणि तसे वागणाऱ्याला 'मी माझा वाटा उचलला' असे कागदावर म्हणता आले.

कसूर करणाऱ्याबाबतची तरतूदही पाहण्यासारखी होती. पहिल्या खेपेस त्याने आपल्या भागातील शेतकऱ्यांच्या मंडळाकडे सुधारणेची योजना द्यायची. पुन्हा कसूर झाली तर पर्यावरण खात्याकडे. आणि तिसऱ्यांदा मात्र त्याची सर्वसाधारण परवानगी जाऊन त्याला स्वतंत्र परवान्याच्या कडक अटी लागू व्हायच्या. म्हणजे आधी भावकी, मग कचेरी!

ही व्यवस्था निर्दोष होती काय? नाही. स्वच्छ हवेसाठी झटणाऱ्या नागरिकांनी तिला न्यायालयात आव्हान दिले. प्रत्येक भागातून एकच उपाय का, दोन का नकोत, असा त्यांचा साधा सवाल होता. 2004 साली तेथील वरिष्ठ न्यायालयाने, एकच उपाय पुरेसा का मानला याचे समाधानकारक कारण दिलेले नाही, असे म्हणून ते प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवले. पुढे 2007 साली एकाऐवजी दोन उपायांची अट आली. ज्यांच्यावर बंधन घालायचे त्यांच्याच हाती यादी दिली, तर ती सौम्य होण्याचा संभव असतो. म्हणून सहकार्याच्या सभेत धूळ खाणाऱ्यालाही खुर्ची हवी, हा या प्रकरणाचा धडा आहे.

असेच काम कॅलिफोर्नियातील सॅन वाकीन खोऱ्यात झाले. या खोऱ्यात 29 नोव्हेंबर 1991 रोजी पडीक शेतांवरून उठलेल्या धुळीने महामार्गावर शेकडो फुटांपर्यंतही दिसेनासे झाले आणि शंभराहून अधिक वाहने एकमेकांवर आदळून 17 माणसे मेली. त्या वेळी शेतीला हवेच्या परवान्यांतून सूट होती. 2003 साली राज्याने ती सूट काढून घेतली, आणि 2004 साली खोऱ्यातील हवा नियंत्रण मंडळाने शंभर एकर व त्याहून मोठ्या शेतांना लेखी योजना देणे बंधनकारक केले. येथेही उपायांची यादी, आणि निवड शेतकऱ्याची. जगातील बहुतेक बदाम याच राज्यातून येतात. झाड हलवून बदाम खाली पाडायचे, वाळू द्यायचे आणि मग यंत्राने झाडून ओढून घ्यायचे, अशी तेथील काढणी असल्यामुळे हंगामात धुळीचे लोट उठतात. कमी धूळ उडवणारी यंत्रे घेण्यासाठी सरकारने शेतकऱ्याला खर्चाचा वाटा दिला. 2008 साली या खोऱ्याने दहा मायक्रॉनच्या धुळीचे राष्ट्रीय मानक गाठल्याचे जाहीर झाले. हे श्रेय एकट्या शेतीच्या योजनेचे नव्हे; रस्ते व बांधकामांवरही नियम होते. शिवाय त्याहून सूक्ष्म कणांच्या बाबतीत हे खोरे आजही नापासच आहे. पण सूट, सक्ती आणि साह्य यांपैकी कशाने काय साधते, हे त्यावरून पुरेसे स्पष्ट होते.

मग हेच नियम उचलून आपल्या जिल्ह्यात आणावेत काय? मुळीच नाही. शंभर एकरांची मर्यादा लावली तर आमच्या गावातील सगळेच शेतकरी सुटतील आणि धूळ आहे तेथेच राहील. दहा एकरांची लावली तरी थोडेच सापडतील. आपल्याकडे जमीन दोन-तीन एकरांची आणि यंत्र भाड्याचे. जो मळतो त्याचे यंत्र नाही, आणि ज्याचे यंत्र आहे त्याला कोणी विचारत नाही. माझ्या मते आपल्याकडील विचाराची सुरुवात येथूनच झाली पाहिजे. नोटीस बाबांना आली; पण त्या हंगामात तेच यंत्र पंचक्रोशीतील कितीतरी राशी करीत फिरले. त्या एका यंत्राच्या भुशाच्या तोंडाला जाड कापडाची लांब पिशवी किंवा झडप बसवली असती, तर साऱ्या राशींची धूळ थोडीफार आवरली असती. म्हणून आपल्याकडे हिशेब एकराचा न करता यंत्राचा करावा. यंत्रमालकांना बोलवावे, फेरफारासाठी खर्चाचा वाटा द्यावा, एखाद-दोन हंगामांची मुदत द्यावी, आणि त्यानंतर मात्र झडपेवाचून यंत्र फिरू देऊ नये.

उसाच्या रस्त्यांबाबतही तसेच. गाळपाच्या हंगामात दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर कच्च्या वाटेने दिवसरात्र धावतात. वाटेकडेची तूर आणि हरभरा पांढरा पडतो, शाळेला जाणारी मुले तोंडावर दप्तर धरून चालतात. ही धूळ शेतकऱ्याची म्हणायची की कारखान्याची? ज्याच्यासाठी ऊस जातो त्या कारखान्याने हंगामात त्या वाटेवर पाणी मारण्याचा वाटा उचलला, तर ते अन्यायाचे होणार नाही. पाचट जाळण्याचा प्रश्न धुराचा आहे, धुळीचा नव्हे. पण उत्तर त्याच वळणाचे आहे. पंजाब-हरियाणात भाताचे ताट जाळू नये म्हणून 2018 सालापासून केंद्र सरकारने यंत्रांवर एकेकट्या शेतकऱ्याला निम्मे आणि शेतकऱ्यांच्या गटांच्या भाडे-केंद्रांना 80 टक्के साह्य देऊ केले. तेवढ्याने आग संपली नाही. यंत्र दिले, पण दोन पिकांमधले दिवस मोजकेच राहिले, तर शेतकरी काडीच ओढतो. म्हणजे केवळ पैसा हेही उत्तर नव्हे. त्याची अडचण कोणत्या आठवड्यात आहे, हे त्याच्याकडूनच समजून घ्यावे लागते.

आमच्या भागात याची सुरुवात कोणी करावी? होबळीपातळीवर रैत संपर्क केंद्रे आहेत, कृषी विज्ञान केंद्रे आहेत, ग्रामपंचायती आहेत. त्यांनी सुगीच्या आधी एक सभा घ्यावी. तीत शेतकरी असावेत, यंत्रमालक असावेत, दम्याच्या रोग्याच्या घरचा माणूस असावा, आणि यंत्राच्या तोंडी उभ्या राहणाऱ्या मजूर बायकाही असाव्यात. अमेरिकेच्या समितीत शेतकऱ्याला जागा मिळाली, हे चांगलेच झाले. पण शेतमालक आणि शेतमजूर यांची धूळ सारखी नसते, हे आपण विसरू नये. सभेने एका पानाची यादी करावी, कन्नडमध्ये आणि मराठीमध्ये. आमच्या घरी आलेली नोटीस कोणत्या भाषेत होती हे मी सांगत नाही, कारण तिचा अर्थ कोणत्याही भाषेत सारखाच निरुपयोगी होता. पण जो उपाय लोकांनी करायचा तो लोकांच्या भाषेत लिहिला पाहिजे, आणि आपल्या जिल्ह्यात लोकांच्या भाषा दोन आहेत.

आणि आपण विद्यार्थ्यांनी? राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी गावाचे रस्ते झाडतो आणि पुष्कळशी धूळ उडवून परत येतो! त्याऐवजी एखाद्या सुगीत एका गावाची नोंद करावी : यंत्र कोठे उभे राहिले, वारा कोणत्या दिशेचा होता, किती घरे वाऱ्याखाली आली, कोणाला त्रास झाला. विज्ञान शाखेने धूळ मोजण्याचे साधन मिळवावे; वाणिज्य शाखेने एका झडपेचा खर्च राशींच्या संख्येवर वाटून दाखवावा; आपल्या दोन्ही विभागांनी मिळून ती एका पानाची यादी लिहावी. ज्या माहितीवाचून कचेरीला नोटिशीपलीकडे काही सुचत नाही, ती माहिती आपण गोळा करू शकतो. आपल्यापैकी निम्मेअधिक शेतकऱ्यांच्या घरचे आहोत. आपण बांधावर उपरे नाही.

गेल्या महिन्यात मी बाबांना ॲरिझोनाच्या यादीची हकीगत सांगितली. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे तिकडच्या कागदात काय करायचे ते तरी लिहिलेले असते." मग थोड्या वेळाने आपणहून म्हणाले, "तुझे आजोबा उफणायला उभे राहताना आधी मूठभर माती सोडून वारा बघायचे. यंत्र आल्यापासून वाऱ्याकडे कोणी बघत नाही." दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे वारा पूर्वेकडून येतो, आणि आम्ही यंत्र उभे केले होते ते घरांच्या पूर्वेलाच. या वर्षी ते पश्चिमेच्या बांधापलीकडे उभे करायचे बाबांनी ठरवले आहे. त्यासाठी गाडीचा एक फेरा जास्त पडेल, तो ते सोसणार आहेत.

काकांना हे अजून कोणी सांगितलेले नाही. ते मीच जाऊन सांगणार आहे.